‘मद्रासी’ जेवण कोणाचे?

महाराष्ट्रात ‘मद्रासी जेवण’ हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, ती सहजता एकदा तपासून पाहायला हवी. इडली, डोसा, सांबार, खोबऱ्याची चटणी, केळीच्या पानावरचा पांढरा भात आणि शेवटी वाफाळणारी कॉफी एवढे चित्र डोळ्यांपुढे आले की आपल्या लेखी तमिळ माणसाचा स्वयंपाक तिथे संपतो. हे चित्र आपल्याला दिले ते खाणावळींनी. मुंबईत माटुंग्याला, पुण्यात कॅम्पात नि पेठांत ज्या दक्षिणी खाणावळी निघाल्या, त्यांतील पुष्कळशा उडुपीकडच्या, म्हणजे तमिळ नव्हेतच, तुळू-कन्नड मुलखातल्या. त्यांच्या स्वयंपाकाची घडण मठाच्या पंक्तीत झाली. मांस-मासळीचा तर प्रश्नच नाही, पण कांदा-लसणालाही जिथे मज्जाव, अशा पंक्तीतले पदार्थ आपण एका संपूर्ण भाषिक समाजाच्या नावावर चढवले. १९६६ साली शिवसेनेची स्थापना झाल्यावर दाक्षिणात्यांविरुद्ध जी मोहीम उठली, तिच्या रागाचे लक्ष्य ही उपाहारगृहेही झाली. पुढे तोच मराठी माणूस तिथेच रांगेत उभा राहून डोसा खाऊ लागला. राग असो की आवड, दोन्ही वेळा समोरचे ताट एकच होते. त्या ताटापलीकडे तमिळ मुलखातला कष्टकरी काय शिजवत होता आणि कशावर जगत होता, हे विचारण्याची गरज प्रस्थापित मराठी मनाला कधी वाटली नाही.

आपल्याला ती वाटायला हवी. ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हणून जगापुढे जे मांडले जाते त्यात पुरणपोळी असते, उकडीचा मोदक असतो, अळूचे फदफदे असते. महारवाड्यातली, मांगवाड्यातली चूल त्यात नसते. स्वतःच्या बाबतीत ही लबाडी आपल्याला ताबडतोब समजते. शेजाऱ्याच्या बाबतीत आपण ती खरी मानून चालतो.

मी देहूरोडचा. या गावाला स्वतःचे असे नावही नाही. तुकोबांच्या देहूला जायला जिथे उतरायचे ते मुंबई-पुणे लोहमार्गावरचे स्थानक, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराचा मोठा डेपो उभा राहिला आणि त्याच्या आधाराने माळावर वस्ती वाढली. डेपोला हमाल लागत, सुतार लागत, शिवणारे, झाडणारे, रंग देणारे लागत. साहेबांच्या बंगल्यांना स्वयंपाकी लागत. मावळातले आणि देशावरचे महार, मांग, चांभार आले, तेलुगू आले, पंजाबी आले, मलयाळी आले आणि तमिळ आले. तमिळांना ही वाट नवी नव्हती. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे पुण्याला पोचली आणि १८७१ साली रायचूरला मुंबईकडची व मद्रासकडची रेल्वे एकमेकींना मिळाल्या. त्याच्याही आधीपासून मद्रास सॅपर्सच्या पलटणीत परैयर जातीचे शिपाई होते आणि गोऱ्यांच्या छावण्यांतून मद्रासी बटलर आणि आया यांना मागणी होती. या मागणीमागे एक साधे कारण होते. सवर्ण हिंदू आचारी गोमांसाला हात लावीत नसे, मुसलमान आचारी डुकराला लावीत नसे; परैयर आचारी दोन्ही रांधी. इंग्रजांच्या टेबलावर ‘मुलिगाटॉनी’ नावाचे जे सूप मिरवत असे ते म्हणजे तमिळ ‘मिळगु तण्णीर’, मिऱ्याचे पाणी, आपण ज्याला रसम म्हणतो त्याच जातकुळीचे. ‘करी’ हा शब्दही तमिळच. आणि ‘परै’ म्हणजे डफासारखे वाद्य. ते वाजवणारा परैयर. त्यावरून इंग्रजीने ‘पारिया’ हा तिसरा शब्द उचलला आणि बहिष्कृत, वाळीत टाकलेला अशा अर्थाने जगभर नेला. जेवणाचे दोन शब्द आणि अपमानाचा एक, अशी ही उचल आहे.

आजोबा डेपोत मजूर होते. आमच्या खोलीला लागून ज्या कुटुंबाची खोली होती ते उत्तर अर्काट जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या वेल्लोर-तिरुवण्णामलै भागातले. घरच्या म्हातारीला आम्ही पोरे ‘पाटी’ म्हणत असू. तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी. ती माझ्या आजीला ‘अक्का’ म्हणे आणि आजी तिला ‘अम्मा’. ‘अक्का’ दोन्ही भाषांत थोरली बहीण, त्यामुळे तिथे भाषांतराची गरज पडली नाही. बाकीचा व्यवहार मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांत. मधल्या भिंतीच्या दोन्ही अंगांना दोन चुली, आणि वास कुणाचा कुठला हे सकाळी सांगता येई, संध्याकाळी येत नसे.

सकाळचा वास येत नसे म्हणायला हवे. कारण पाटीच्या घरी सकाळी काही शिजतच नसे. रात्रीच्या भातात पाणी घालून मडके झाकून ठेवायचे. पहाटेपर्यंत तो भात किंचित आंबतो. त्यात मीठ, असेल तर ताक, तोंडी लावायला लहान कांदा आणि हिरवी मिरची. हे ‘पळय सोरु’, म्हणजे जुना भात. वरचे आंबूस पाणी वेगळे प्यायचे, त्याला ‘नीरागारम’ म्हणतात. सरपण वाचते, वेळ वाचतो, उन्हात काम करणाऱ्याचे पोट दुपारपर्यंत थंड राहते. आता पोषणशास्त्राचे पंडित या आंबलेल्या भाताचे गुण गाऊ लागले आहेत. तमिळनाडूतल्या मजुराला ते गुण नाइलाजाने माहीत होते.

भातसुद्धा सर्वांच्या नशिबी नव्हता. कोरडवाहू भागातल्या तमिळ कष्टकऱ्याचे रोजचे अन्न म्हणजे कंबु, केळ्वरगु आणि चोळम. आपल्या भाषेत बाजरी, नाचणी आणि जोंधळा. आपण त्याची भाकरी थापतो, तो त्याचे ‘कूळ’ करतो. (मूळ शब्दातील शेवटचा उच्चार आपल्या जिभेला जमत नाही, म्हणून ‘ळ’वर भागवतो. मराठीत कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा; हा योगायोग आहे, पण मला तो वाया जाऊ द्यावासा वाटत नाही.) नाचणीचे पीठ पाण्यात कालवून रात्रभर आंबवायचे, दुसऱ्या दिवशी तांदळाच्या कण्या शिजवून त्यांत ते घालून घोटत राहायचे, घट्ट झाले की उतरवायचे. निवल्यावर त्याचे गोळे पाण्यात ठेवतात. खाताना एक गोळा ताकात किंवा पाण्यात कुस्करायचा, मीठ, कांदा घालायचा. पाटीने पहिल्यांदा वाटीत घालून दिले तेव्हा आजी म्हणाली, “अगं, ही तर आंबील!” आणि ती आंबीलच होती. कण्यांचा फरक सोडला तर सातपुड्यापासून कावेरीपर्यंत कष्टकऱ्यांच्या घरातले हे एकच पेय आहे, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

अशी नाती किती सांगावीत! आमचे कुळथाचे माडगे, त्यांचे ‘कोळ्ळु रसम’. आमचे सुकट-बोंबील, त्यांचे ‘करुवाडु’. आमची वजडी, त्यांचे ‘कुडल’. आमच्याकडे मोठ्या जनावराच्या मांसाच्या पट्ट्या मीठ लावून दोरीवर वाळवायच्या, त्या चान्या. त्यांच्याकडे ‘उप्पुक्कंडम’, मीठ लावून वाळवलेले मांस. दोन्हीकडे कारण एक: मांस मिळे तेव्हा एकदम मिळे, नाही तेव्हा महिनोन्‌महिने मिळत नसे. गावचे ढोर मेले की ते ओढायला निरोप आमच्याकडे महारवाड्यात येई, त्यांच्याकडे चेरीत जाई. तमिळ गावाचे दोन भाग: ‘ऊर’ म्हणजे सवर्णांचे गाव आणि ‘चेरी’ म्हणजे गावाबाहेरची अस्पृश्यांची वस्ती. विहीर ऊरची, देऊळ ऊरचे, तळे ऊरचे. आमच्या येसकराला बलुते, तिथल्या वेट्टियानला खळ्यावरच्या राशीतला ठरीव वाटा. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या आपल्या इंग्रजी ग्रंथात गोमांसाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध मांडला, तो ग्रंथ त्यांनी तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. चोखोबा आपल्याला ठाऊक, रविदास ठाऊक. नंदनार हा तमिळ परैयर शेतमजूर, चिदंबरमच्या देवाचे दर्शन घेण्याची आस धरून बसलेला. अर्पणपत्रिकेच्या त्या एका पानावर आमची लाइन आणि पाटीची लाइन शेजारी शेजारी आहेत. देहूरोडला ती शेजारी होतीच. पण पान उघडून दाखवणारा कोणी नव्हता.

मग इडली कुठे होती? पाटीच्या लहानपणी वर्षातून एकदा, दिवाळीला. हे तिच्या एकटीचे नाही; तिच्या पिढीच्या खेड्यातल्या गरीब तमिळ माणसाला विचारले तर हेच उत्तर मिळते. कारण समजून घ्यायला इडलीकडे पदार्थ म्हणून न पाहता मजुरी म्हणून पाहावे. पांढरा तांदूळ हवा, उडीद हवा, दोन्ही विकतचे. ते वेगवेगळे भिजत घालायचे, मग ‘आट्टुक्कल’वर वाटायचे. आट्टुक्कल म्हणजे जमिनीत बसवलेला दगडी रगडा, त्यात वरवंटा गोल फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने पीठ आत लोटायचे. मोठ्या घराच्या इडल्यांसाठी हे काम तासाभराहून अधिक चाले. मग रात्रभर फुगवणे, सकाळी उकडणे. दिवसभर लावणी करून आलेल्या बाईला रोज हे शक्य होते काय? रोज इडली खाणारे घर म्हणजे जिथे वाटायला दुसरे कोणी तरी आहे ते घर. विजेचा रगडा आला, रेशनचा तांदूळ आला, तेव्हा इडली चेरीत रोजची झाली. १९६७ च्या निवडणुकीत द्रविड मुन्नेत्र कळघमने रुपयाला तीन पडी तांदूळ देण्याचे आश्वासन दिले होते. पडी म्हणजे माप. सत्ता आल्यावर रुपयाला एक पडी, तीही मोजक्या शहरांत, देणे जमले. पण तांदळाच्या मापावर सरकार निवडले जाऊ शकते, यातूनच त्या मुलखातली भूक कळते.

आणि दिवाळीची ती इडली सांबारात बुडवायची नसे. तिच्याबरोबर बोकडाच्या नाहीतर कोंबडीच्या रश्शाचे ‘कुळंबु’. पहाटे तिळाचे तेल चोळून स्नान, मग इडली आणि मटण. ‘मद्रासी’ म्हणजे शाकाहारी असे मानणाऱ्यांनी ही दिवाळी पाहावी. गोडात ‘अदिरसम’: तांदूळ भिजवून, सावलीत सुकवून, कांडून, गुळाच्या पाकात मुरवून तळलेले. आमच्या आजीने ते खाऊन पाटीला अनारसे करून दाखवले आणि दोघींनी मान्य केले की खसखशीखेरीज भांडायला जागा नाही.

सांबाराबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण मराठी माणसाला त्यात स्वाभिमान वाटतो. तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात आमसूल संपले म्हणून चिंच घातली, पाहुणे संभाजी म्हणून नाव ‘सांबार’, अशी कथा मोठ्या हौसेने सांगितली जाते. ही ऐकीव कथा आहे आणि ऐकीव म्हणूनच तिचे स्थान असावे. तंजावरच्या मराठ्यांचे राज्य १६७६ पासून १८५५ पर्यंत होते, हे मात्र खरे. दुसऱ्या सरफोजीच्या काळातले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे मराठी हस्तलिखित तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे, हेही खरे. राजाच्या ताटाची नोंद मराठीत झाली. ज्या भाताच्या खाचरांवर ते ताट उभे होते तिथे पिढीजात वेठीने राबणाऱ्या परैयर आणि पळ्ळर गड्यांनी काय खाल्ले, याची नोंद कुठल्या मोडी कागदात झाली नाही. ती नोंद एका वेगळ्याच पद्धतीने झाली. त्याच तंजावर जिल्ह्यात, कीळवेण्मणी गावी, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलितांना एका झोपडीत कोंडून जाळण्यात आले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. शेतमजूर संघटित झाले होते आणि मजुरीत भाताचे माप वाढवून मागत होते. तंटा जमिनीच्या मालकीचा नव्हता, सत्तेचा तर नव्हताच. तंटा अर्ध्या मापाचा होता. जमीनदार पुढे उच्च न्यायालयात सुटले. तमिळ स्वयंपाकाचा इतिहास लिहायला बसलेल्याने भाताचे वर्णन करताना ‘जास्वंदीच्या कळ्यांसारखा’ वगैरे लिहिण्याआधी हे माप समोर ठेवावे.

शिजवण्याइतकाच बसून खाण्याचाही प्रश्न होता. चेरन्‌महादेवी येथे राष्ट्रीय बाण्याचे एक गुरुकुल होते. तिथे ब्राह्मण मुलांची पंगत वेगळी बसते, यावरून १९२० नंतरच्या वर्षांत वादळ उठले आणि पेरियार ई. व्ही. रामस्वामी १९२५ साली काँग्रेसमधून बाहेर पडले, त्याच्या कारणांत हेही एक होते. दक्षिणेच्या रेल्वे स्थानकांवरील उपाहारगृहांत ब्राह्मणांची आणि इतरांची जागा वेगळी असे. ती १९४१ साली बंद झाली. १९५७ साली पेरियारांनी मद्रासच्या मुरळी कॅफेसमोर पाटीवरील ‘ब्राह्मण’ शब्द काढावा म्हणून महिनोन्‌महिने सत्याग्रह चालवला. या लढ्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण ब्राह्मणाच्या उपाहारगृहाचे दार उघडले म्हणून खेड्यातल्या चहाच्या दुकानातला दुसरा पेला गेला नाही. तिथला दुकानदार ब्राह्मण नव्हता. ‘इरट्टै कुवळै’, दोन पेले: एक सर्वांसाठी, एक चेरीतल्यांसाठी, कुठे नारळाची करवंटी. दुपारच्या शालेय भोजनाच्या बाबतीत तमिळनाडूने देशाला वाट दाखवली. कामराजांनी १९५६ साली ते सुरू केले, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ साली वाढवले. तरी २०१८ साली तिरुप्पूर जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित बाई स्वयंपाक करते म्हणून पालकांनी विरोध केला. मुलाच्या ताटातला भात सरकारी होता, हात मात्र जातीचा ठरला. आपल्याकडे याहून फार वेगळे आहे असे समजून कोणी खूश होऊ नये.

आता सणांकडे. पोंगल हा तमिळांचा सर्वांत मोठा सण, जानेवारीच्या मध्यावर, आपल्या संक्रांतीला. अंगणात चूल मांडून नव्या मडक्यात नवा तांदूळ आणि दूध. ऊतू गेले की ‘पोंगलो पोंगल’ असा गजर. त्यात मुगाची डाळ, गूळ, तूप, वेलदोडा. देहूरोडला अंगण नव्हते. पाटी विटा मांडून गटारीच्या कडेला करी, आणि लाइनीतली सगळ्या भाषांची पोरे दूध कधी ऊतू जाते ते बघत उभी राहत. सण नव्या धान्याचा. पण चेरीतल्याची जमीन नाही, म्हणजे नवे धान्यही दुसऱ्याचेच. दुसऱ्या दिवशी ‘माट्टु पोंगल’, गुरांचा सण. शिंगे रंगवायची, गुरांना गोड भात चारायचा. ती गुरेही ऊरची. चेरीतल्याने परै वाजवायची आणि धान्य घेऊन परत यायचे. देहूरोडला पाटीने पहिल्यांदा विकतच्या तांदळाचा पोंगल केला, आणि कोणासाठी वाजवायला जावे लागले नाही. तिच्या मते तो पहिला खरा पोंगल.

आडी महिना जुलैच्या मध्यावर लागतो, आपल्या आखाडाच्या सुमारास. तेव्हा मारियम्मनला कूळ वाढतात; मोठ्या हंड्यात करून वस्तीला वाटतात, बरोबर शेवग्याचा पाला आणि करुवाडु. मारियम्मन ही देवी-गोवराची देवता, आमची मरीआई. आमच्याकडेही तिला आंबील-घुगऱ्या. पण आमच्या घरात एक मोठी घटना घडून गेली होती. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. आजी तेव्हा चौदा वर्षांची, गर्दीत होती. दोन वर्षांनी धर्मांतर झाले आणि मरीआईचा टाक घरातून गेला. मग आडी महिन्यात पाटीचा हंडा दारात आला की काय करायचे? आजीने स्वतःच निवाडा केला होता. ती कूळ घेई, अंगारा घेत नसे. पाटीला आधी याचा राग आला, मग सवय झाली. दोन्ही बायका निरक्षर. धर्म आणि अन्न यांची फारकत कशी करायची याचा एवढा स्वच्छ निर्णय मी शिकलेल्या माणसांत क्वचित पाहिला आहे.

या जागी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती माहीत नसल्यामुळे देहूरोडसारख्या वस्त्यांचे नुकसान झाले आहे. पाटीच्या लोकांतही बुद्धाची वाट शोधणारा एक मोठा माणूस होऊन गेला होता: पंडित अयोत्तिदास, जन्म १८४५, मृत्यू १९१४. वैद्य, तमिळ पंडित, परैयर. १८९८ साली कर्नल ऑल्कॉटबरोबर ते सिंहलद्वीपाला गेले, बौद्ध झाले, आणि मद्रासला त्यांनी शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. १९०७ साली त्यांनी ‘ओरु पैसा तमिळन’, म्हणजे एक पैशाचा तमिळ, हे पत्र काढले. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या तमिळ मजुरांतही हे काम पोचले होते. परैयर हे मूळचे बौद्ध, त्यांना पुढे अस्पृश्य ठरवले, असे त्यांचे प्रतिपादन. आणि सण कोणाचे, हा प्रश्न त्यांनी थेट स्वयंपाकघरातून सोडवला. दिवाळी म्हणजे नरकासुराचा वध नव्हे, तर बौद्धांनी तिळापासून तेल काढण्याची विद्या शोधली त्याचा दिवस, म्हणून त्या दिवशी तेल चोळून स्नान. कार्तिकै दीपम म्हणजे एरंडेलाच्या शोधाचा दिवस, असा अर्थ त्यांनी लावला. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला याला कागदोपत्री पुरावा हवा असतो आणि तो पुरेसा नाही, हे मी म्हणेन. पण या मांडणीची दिशा पाहा. वधाच्या कथेत एक मारणारा आणि एक मरणारा असतो, आणि मरणारा बहुधा आपल्यातला असतो. तेलाच्या कथेत काम करणारा माणूस, घाणा आणि तीळ असतात. देहूरोडच्याच भाषणात बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठोबा मूळचा बुद्ध होय, असे मत मांडले होते. दोन मुलखांतले दोन विचारवंत आपल्या माणसांच्या देवघरात आणि चुलीशी हरवलेला बुद्ध शोधत होते.

या दोन वाटा कागदावर भेटल्याही आहेत. अयोत्तिदासांच्या काळातले मद्रासचे पी. लक्ष्मी नरसू यांचे बौद्ध धर्मावरील इंग्रजी पुस्तक १९०७ साली निघाले. १९४८ साली त्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिला प्रस्तावना लिहिली ती बाबासाहेबांनी. १९५४ च्या डिसेंबरात रंगूनच्या बौद्ध परिषदेच्या वेळी पेरियार आणि बाबासाहेब भेटले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस देहूरोडचा समारंभ झाला. मद्रासच्या एन. शिवराज यांच्याकडे रिपब्लिकन पक्षाचे पहिले अध्यक्षपद होते. पुढारी एकमेकांना ओळखत होते. लाइनीत मात्र ही ओळख वाटीतून झाली तेवढीच.

मी आज ज्या महाविद्यालयात शिकवतो तिथे दर वर्षी पारंपरिक पदार्थांचा मेळा भरतो. देहूरोडची एक तमिळ विद्यार्थिनी इडली, मेदूवडा आणि सांबार घेऊन बसली होती. वर फलक ‘पारंपरिक तमिळ खाद्यसंस्कृती’. मी विचारले, “घरी रविवारी काय करता?” ती हसली, इकडेतिकडे पाहून म्हणाली, “सर, करुवाडु. पण ते इथे कसं ठेवणार? वास येतो.” तिच्या पलीकडच्या टेबलावर आपल्या समाजातला एक मुलगा थालीपीठ विकत होता. त्याच्या घरी काय शिजते हे मला ठाऊक होते, म्हणून त्याला विचारले नाही. दोघांनीही आपापल्या आजीला घरी ठेवून दुसऱ्याच्या आजीचे ताट मांडले होते. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली. म्हशीचे मांस चालते, पण पोलिसाला आणि जमावाला प्रत्येक पिशवीतला फरक समजावून सांगण्याची हिंमत कोणात असते? लाइनीतल्या चान्या आणि उप्पुक्कंडम दोन्ही दोरीवरून उतरले ते कायद्याच्या कलमापेक्षा भीतीने. वासाची लाज आधी होती, तिच्यात धाकाची भर पडली.

आपल्याकडे शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले आणि मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होते हे पहिल्यांदा नीट कागदावर आले. देहूरोडसारख्या मिश्र वस्तीचे असे काम व्हायचे आहे. तिथे दोन चुली नुसत्या शेजारी नव्हत्या, त्या एकमेकींतून शिकल्या. नेत्तिली नावाची बारीक मासळी इथल्या बाजारात मिळेना, तेव्हा पाटीने बोंबील घेतले. आमच्या आजीने रश्शाला चिंच आणि मेथीदाणे लावायला सुरुवात केली. त्या पदार्थाला नाव नव्हते. दोन्ही घरांत ‘बोंबलाचं कुळंबु’ म्हणत.

त्या मुलीला मी घरचे पदार्थ आजीला विचारून लिहून आणायला सांगितले. तिने वहीची चार पाने आणली. त्यांतले पहिले असे: सुके बोंबील तुकडे करून कोमट पाण्यात घालावेत, दोनदा धुवावेत. मातीच्या भांड्यात तिळाचे तेल, मोहरी, मेथीदाणे. मग लहान कांदे अख्खे आणि लसूण भरपूर. वांगी, टोमॅटो. मिरची-धण्याची पूड, हळद, चिंचेचे पाणी. तेल वर आले की बोंबील घालावेत, मीठ आधी घालू नये. त्याच दिवशी खाल्ले तर बरे लागते, दुसऱ्या दिवशी पळय सोरुबरोबर अधिक चांगले.